जळगावातील एका वकील कार्यालयात मृत्युपत्राविषयी घेतलेला सल्ला

अमळनेर तालुक्यातील आमच्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, मृत्युपत्राविषयी सल्ला घेण्यासाठी आई, मावशी आणि मी गेल्या महिन्यात जळगावात दिवाणी कामे पाहणाऱ्या एका वकिलांकडे गेलो होतो. कपाशीची सगळी जमीन एकट्या मामांच्या नावे करणारा तो कागद आजोबांच्या तेराव्यानंतर पुढे आला. त्याविरुद्धच्या सहा तक्रारी मी वहीत लिहून नेल्या होत्या. वकीलसाहेबांनी त्यांतील चार तेथेच खोडल्या, आणि मला त्यांच्या सेवेचा खरा उपयोग झाला तो त्या खोडण्याचाच.

"बापनी जमीन, नि पोरीसले काहीच नही का?" हा मावशीचा पहिलाच प्रश्न होता. त्यावर, मुलींना वगळले हे मृत्युपत्र रद्द होण्याचे स्वतंत्र कारण नाही, स्वकष्टार्जित मिळकत कोणाला द्यायची ते देणारा ठरवतो, असे त्यांनी शांतपणे, पण आडपडदा न ठेवता सांगितले. कागद नोंदणीकृत नाही, ही तक्रारही गळाली, कारण मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते. उलट मामा ज्या स्टॅम्प पेपरचा आणि नोटरीच्या शिक्क्याचा एवढा आधार घेत होते, त्यांनीही मृत्युपत्राला वेगळे बळ येत नाही, हे ऐकून आईला जरा धीर आला. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेतलेले नाही, या तक्रारीवर, खानदेशातल्या जमिनीच्या हिंदू मृत्युपत्राला त्याची सक्ती कधीच नव्हती, एवढे एकच वाक्य ते बोलले. आजोबा आजारी होते, ही चौथी तक्रार. नुसत्या आजारपणाने माणसाची समज जाते असे कायदा मानत नाही, आजारी माणूसही शुद्धीत असताना मृत्युपत्र करू शकतो, तेव्हा सही झाली त्या सुमारास डॉक्टरांनी काय नोंदवले आहे ते आणा, असे त्यांनी बजावले.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर मात्र त्यांनी पाऊण तास दिला. पहिला मुद्दा साक्षीदारांचा होता. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे, अथवा ती सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे लागते. आमच्या कागदावरचा एक साक्षीदार मामांचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, आहे. दुसरे गावातले एक गृहस्थ, ज्यांनी "कागद मला नंतर घरी आणून दिला" असे आईला सांगितले होते. हे वाक्य वकीलसाहेबांनी दोनदा विचारून घेतले. न्यायालयात निदान एका साक्षीदाराला उभे करून मृत्युपत्र शाबीत करावे लागते, आणि तो उलटतपासात काय बोलतो यावर बरेच ठरते, असे ते म्हणाले.

दुसरा मुद्दा अंगठ्याचा. आजोबांनी सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर जन्मभर सहीच केली, मृत्युपत्रावर मात्र डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, आणि त्यावरची तारीख पक्षाघातानंतर दवाखान्यातून घरी सोडल्याच्या नवव्या दिवसाची आहे. डिस्चार्ज कार्ड आणि मृत्युपत्र त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडून या दोन तारखा आईलाच वाचायला लावल्या. अशी संशयास्पद परिस्थिती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले आहे, आणि मुलींना वगळणे येथे त्या परिस्थितीचा एक भाग म्हणून मांडता येते. पण फसवणूक किंवा दबाव झाला असे आपण म्हटले, तर ते सिद्ध करणे आपल्या अंगावर येते. म्हणून रागाच्या भरात ते शब्द अर्जात घालू नका, असा इशाराही मिळाला.

जमीन वडिलोपार्जित असेल तर आजोबांना फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येत होते, हा आमच्या वहीत नसलेला मुद्दा त्यांनी स्वतः काढला. पण जमीन आजोबांकडे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधी आली की नंतर, हे जुन्या फेरफारावरून, म्हणजे महसुली दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीवरून, पाहिल्याशिवाय बोलायला नकार दिला. जमीन मामांच्या नावे लावण्याविषयीच्या तलाठ्याच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, मात्र फेरफाराने मालकी ठरत नाही, असेही सांगितले. दावा अमळनेरलाच चालेल, तेव्हा तेथीलच वकील घ्या, हा सल्ला त्यांच्या धंद्याविरुद्धचा होता, म्हणून मला तो अधिक विश्वासाचा वाटला.

उणिवाही आहेत. अकराची वेळ देऊन आम्हाला सव्वा वाजता आत बोलावले, आणि बाहेर आई-मावशींसाठी धड खुर्ची नव्हती. पंधराशे रुपयांची पावती मागितल्यावरच मिळाली. लेखी टिपण ते देत नाहीत. मी ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून वहीत उतरवले, तेव्हा दोन कलमे विसरलो होतो. जाणाऱ्यांनी दवाखान्याचे कागद, जुन्या सह्यांचे नमुने, सातबारा आणि विशेषतः जुने फेरफार बरोबर न्यावेत. ते नसल्यामुळे आम्हाला दुसरी खेप करावी लागणार आहे.