साऊंड ब्लास्टर एई-५ प्लस की फियो के३? कार्ड आत बसवावं की डॅक बाहेर ठेवावा

एई-५ प्लस हे कॉम्प्युटरच्या आत बसणारं साऊंड कार्ड, तर के३ हा बाहेरून जोडायचा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं हेडफोनला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी. दोन्ही वस्तू उत्तम आहेत, पण स्टिरिओ ऐकणाऱ्या बहुतेकांनी के३ घ्यावा.

कागदावर एई-५ प्लस फार तगडं दिसतं: सिग्नल-टू-नॉइज (गाण्याचा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे याचं माप) १२२ डेसिबल, हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स (जॅकचा स्वतःचा विद्युत अडथळा, कमी तितका चांगला) १ ओहम. पण सीडीच्या १६ बिटांची मर्यादाच साधारण ९६ डेसिबल आहे. त्यापुढचा फरक कानाला जाणवत नाही. जाणवते ती माउस हलवताना येणारी चरचर. अनेकदा ती कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जाणाऱ्या लांब वायरीत शिरलेली असते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी हेडफोन मदरबोर्डच्या मागच्या जॅकला लावून बघा. चरचर थांबली तर खर्च वाचला.

कार्डाला मदरबोर्डवरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट लागतो. जाडजूड ग्राफिक्स कार्ड असेल तर तो स्लॉट झाकला जातो, नाहीतर साऊंड कार्ड त्याच्या पंख्यांना खेटून बसतं आणि हवा अडते. लॅपटॉपवर तर हा पर्यायच नाही.

के३ यूएसबीवरच चालतो, वेगळा अॅडॅप्टर नको. यूएसबी ऑडिओ १.० आणि २.० अशा दोन मोडचा त्यावर खटका आहे. १.० वर ड्रायव्हर न टाकता ९६ किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) चालतो आणि गाण्यांना तेवढं भरपूर झालं. गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, खटका मात्र नीट ठेवा: इअरफोनला लो, ३०० ओहमच्या हेडफोनला हाय. इअरफोनला हाय ठेवलात तर व्हॉल्यूम जरासा फिरवताच आवाज अंगावर येतो.

डॅक बाहेर आला म्हणजे गुणगुण संपली, असंही नाही. लाइन-आउटवरून (बाहेरच्या अॅम्प्लिफायरसाठीचा जॅक) अॅम्प्लिफायर जोडला आणि लॅपटॉप व अॅम्प्लिफायर यांना वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग मिळालं, की ग्राउंड लूप होऊन, म्हणजे दोन अर्थिंगमधून नको तो प्रवाह फिरून, ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर दोष बहुधा तिथेच. चार्जर आणि अॅम्प्लिफायर यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिली तर के३च्या ऑप्टिकल आउटमधून ऑप्टिकल इनपुटच्या अॅम्प्लिफायरला जोडा. प्रकाशाच्या तारेतून ग्राउंड जात नाही. अर्थिंगची पिन काढून घरघर थांबवण्याचा उपाय कुणी सुचवला तर कृपया ऐकू नका, त्यात शॉक लागून जीव जाऊ शकतो.

अॅनालॉग ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असतील तर कार्डच घ्या, कारण के३ दोनच चॅनेल देतो. त्याला माइक-इनही नाही. गाणं रेकॉर्ड करायला कंडेन्सर माइक वापरणार असाल, तर हे दोन्ही सोडून ४८ व्होल्ट फँटम पॉवरचा (माइकला त्याच्याच केबलमधून वीज देणारा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, बघा.