कोड लिहिण्याआधीचे प्रश्न : ‘सस्टेनॅबिलिटी अवेअरनेस फ्रेमवर्क’ या कार्यपुस्तिकेचे परीक्षण

सॉफ्टवेअर आणि पर्यावरण असा विषय निघाला की चर्चा बहुधा विजेवर येते आणि तिथेच थांबते. सर्व्हरला किती वीज लागते, कोणती प्रोग्रॅमिंग भाषा कमी विजेत काम करते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण सॉफ्टवेअरमुळे माणसांचे वागणे बदलते आणि त्या बदलाचे ओझे गावावर पडते, हा भाग त्यांत येत नाही. ‘सस्टेनॅबिलिटी अवेअरनेस फ्रेमवर्क’ (शाश्वततेची जाणीव करून देणारी चौकट) ही विनामूल्य कार्यपुस्तिका नेमका तोच भाग समोर आणते, म्हणून मला ती मोलाची वाटते. गोव्यातील फोंड्यात संगणक अभियांत्रिकी शिकवताना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर मी ती वापरली. प्रकल्प होता उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यातील होमस्टेंचे आरक्षण करणाऱ्या अ‍ॅपचा.

या पुस्तिकेमागे संशोधनाची मोठी वाटचाल आहे. तिच्या कर्त्यांपैकी बिर्गिट पेन्झेनश्टाडलर यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट केली, काही वर्षे कॅलिफोर्नियात शिकवले आणि नंतर त्या स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात गेल्या. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत शाश्वततेवर आजवर काय लिहिले गेले आहे, याचा आढावा त्यांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये घेतला, तेव्हा हाती फारच थोडे लागले होते. पुढे २०१५ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून, सॉफ्टवेअर घडवताना शाश्वततेचा विचार हवा असे सांगणारा कार्ल्सक्रोना जाहीरनामा मांडला आणि २०२० मध्ये ही चौकट शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ज्या विषयाला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून कोणी ओळखत नव्हते, त्यावर उमेदीची वर्षे खर्च करणे सोपे नसते. शाश्वततेच्या क्षेत्रात संशोधन करून पुढे काय, असे विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा मी हीच वाटचाल त्यांच्यासमोर ठेवतो.

पुस्तिकेची रचना साधी आहे. सामाजिक, वैयक्तिक, पर्यावरणीय, आर्थिक आणि तांत्रिक अशी पाच अंगे घेऊन प्रत्येकाखाली प्रश्न दिले आहेत. सामाजिक अंगात विश्वास, समावेशकता, सहभाग यांचा विचार होतो; वैयक्तिक अंगात आरोग्य, खासगीपणा, सुरक्षितता यांचा; तर तांत्रिक अंगात देखभाल, वापरसुलभता आणि सुरक्षा यांचा. मिळालेली उत्तरे एका पंचकोनी आकृतीवर तीन थरांत मांडायची असतात. सॉफ्टवेअरचा थेट परिणाम आतल्या थरात येतो, ते दीर्घकाळ वापरल्याने जे शक्य होते ते मधल्या थरात, आणि त्यातून समाजाच्या घडणीत होणारा बदल बाहेरच्या थरात. या थरांना जोडणारे बाण काढताना खरा विचार सुरू होतो.

आमच्या सत्रात हे स्पष्ट दिसले. चार्टपेपरवर मार्करने पंचकोन काढला होता आणि विद्यार्थी त्यावर चिकटचिठ्ठ्या लावत होते. सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या आर्थिक कोपऱ्यात गेल्या : मालकांचे उत्पन्न वाढेल, दलालाचे कमिशन वाचेल, पावसाळ्यातही खोल्या भरतील. बार्देशात होमस्टे चालवणाऱ्या एका काकींना आम्ही मुद्दाम बोलावले होते. त्या बराच वेळ शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बुकिंग वाढले तर मला हवेच आहे रे बाबांनो, पण मे महिन्यात टँकरवाल्याला फोन कोणी करायचा?” त्यानंतर चर्चेची दिशाच बदलली. बार्देशला नळाचे पाणी अस्नोडा प्रकल्पातून येते आणि उन्हाळ्यात ते अपुरे पडले की भिस्त विहिरी व टँकरवर असते. ‘खोल्या वाढतात’ या चिठ्ठीपासून ‘पाण्याची मागणी वाढते’ या चिठ्ठीपर्यंत बाण निघाला, तिथून ‘शेजाऱ्यांच्या विहिरी’, आणि अगदी बाहेरच्या थरात ‘गावातील तरुण जोडप्याला भाड्याने घर मिळत नाही’. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्यात पर्यटकांची वार्षिक संख्या त्याच्या कितीतरी पट असते, तेव्हा हा बाण काल्पनिक मानता येत नाही.

या चर्चेतून अ‍ॅपच्या रिक्वायरमेंटच, म्हणजे अ‍ॅपने काय काय करावे याची यादीच, बदलली, हे मी पुस्तिकेचे सर्वांत मोठे यश मानतो. मालकाला पाण्याच्या उपलब्धतेनुसार खोल्या तात्पुरत्या बंद ठेवता याव्यात, ही सोय मूळ यादीत नव्हती. एखाद्या वाड्यावर (गावातील वस्तीत) एका वेळी किती खोल्या भाड्याने द्यायच्या, याची मर्यादा मालकांनी आपसांत ठरवावी आणि अ‍ॅपने ती पाळावी, हीदेखील नव्हती. दोन्ही गोष्टी कोड लिहून झाल्यावर घालायच्या म्हटल्या असत्या, तर डेटाबेसची मांडणी पुन्हा करावी लागली असती.

उणिवाही सांगायला हव्यात. पुस्तिकेतील प्रश्न विस्तृत आहेत आणि काही ठिकाणी इतके सर्वसाधारण, की नवखा विद्यार्थी ‘होय, परिणाम होतो’ एवढे लिहून पुढे सरकतो. सत्र चालवणारी व्यक्ती जाणकार नसेल, तर पंचकोन सुंदर भरतो आणि त्यातून हाती काहीच लागत नाही. आम्ही इंग्रजी आवृत्ती वापरली. काकींसाठी एका विद्यार्थिनीने प्रश्न मराठीत तोंडी विचारले, आणि हे काम आयत्या वेळी उरकण्यासारखे नाही, असे माझे मत झाले. ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे, ती माणसे खोलीत नसतील तर या पद्धतीचा जीवच हरवतो. म्हणून त्यांच्या भाषेतील प्रश्नपत्रिका आधी तयार असलीच पाहिजे.

दुसरी मर्यादा आकड्यांची. ही चौकट परिणाम ओळखायला शिकवते. त्यांचे मोजमाप करणे हे तिचे काम नाही. वीज आणि उत्सर्जन मोजायचे असेल, तर ‘सॉफ्टवेअर कार्बन इंटेन्सिटी’ हे २०२४ मध्ये आयएसओचे (आंतरराष्ट्रीय) मानक झालेले सूत्र किंवा पायथॉनसाठीचे ‘कोडकार्बन’ हे मुक्तस्रोत साधन सोबत घ्यावे लागते. कोडकार्बनमध्ये प्रदेश भारत असा निवडला, की हिशेब देशाच्या सरासरीने होतो. गोवा बहुतांश वीज बाहेरून, राष्ट्रीय ग्रीडमार्फत घेत असल्याने ही सरासरी इथे फारशी खटकत नाही. मात्र आमच्या अ‍ॅपच्या बाबतीत सर्व्हरच्या विजेपेक्षा पाहुण्याचा मोपा विमानतळापर्यंतचा विमानप्रवास कितीतरी मोठा ठरतो, आणि तो पाहण्याची सवय आम्हाला या पंचकोनानेच लावली.

पणजी, मडगाव किंवा पर्वरीत ग्राहकांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या संस्थांनी ही पुस्तिका पहिल्या ग्राहकभेटीनंतर आणि अंदाजपत्रक देण्याआधी वापरावी. एक पूर्ण दुपार मोकळी ठेवावी, ग्राहकाखेरीज बाहेरची किमान एक बाधित व्यक्ती बोलवावी आणि शेवटच्या टप्प्यातील धोके, संधी व कृती यांची नोंद करताना प्रत्येक कृतीपुढे ती करणाऱ्याचे नाव त्याच बैठकीत लिहावे. महाविद्यालयांनी ही पुस्तिका प्रकल्पाच्या पहिल्याच आढाव्याला जोडावी. अंतिम अहवालात तिचे पान चिकटवून विद्यार्थ्यांच्या हाती काहीच पडत नाही.