अचानक पैसे आल्यावर घेतलेली सल्ला सेवा: वकिलांना पाच स्टार, प्लॅनरला अडीच

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगते. ज्यांना फक्त आकडा हवाय त्यांच्यासाठी, एकूण पाचपैकी साडेतीन. सेवेचं नाव देत नाहीये कारण कोणाचं नुकसान करायचा हेतू नाही, मला बोलायचंय ते त्यांच्या प्लॅनमधल्या एका कॉलमबद्दल आणि त्या कॉलममुळे माझ्या डोक्यात जे सुरू झालं त्याबद्दल.

मी ज्या छोट्या कंपनीत चार वर्षं काम केलं ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि माझ्या नावावर जे थोडे शेअर्स पडून होते, जे मी जवळजवळ विसरले होते, त्यांचे एकदम पैसे आले. किती ते लिहीत नाही, पण कर्ज फिटून वर उरले इतके. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस आनंदाने नाचत असेल. मला पहिले पंधरा दिवस नीट झोप नव्हती, सारखी माणसं आठवायची, म्हणजे ज्यांनी कधी ना कधी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं ती सगळी, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न की आता माझ्याकडे आहेत तर मी यांना काही देणं लागते का. कोणी मागितलेलं नव्हतं. तरीही.

म्हणून ही सेवा घेतली. ज्यांना वारसाहक्काने, लॉटरीतून, शेअर्समधून असे एकरकमी पैसे येतात त्यांच्यासाठीच आहे. तीन व्हिडिओ कॉल, दोन प्लॅनरबरोबर आणि एक वकिलांबरोबर, मग एक लेखी प्लॅन आणि सहा महिन्यांनी फॉलो-अप.

प्लॅनरचं चांगलं ते आधी सांगते. पहिल्याच कॉलमध्ये त्यांनी सांगितलं की सहा महिने पैसे सुरक्षित जागी ठेवा, मोठा निर्णय घेऊ नका, टॅक्सचा भाग आजच वेगळा काढा, आणि किती आले हे शक्यतो कोणाला सांगू नका. हा सल्ला जवळपास प्रत्येक चांगला प्लॅनर देतो आणि तो बरोबरच आहे, मी पाळला आणि मला फायदा झाला. दुसरं म्हणजे त्यांनी एक तयार मजकूर दिला, कोणी पैसे मागितले तर नम्रपणे नाही कसं म्हणायचं त्याचा. ज्या लोकांचा दहा वर्षांत फोन नव्हता आणि बातमी कळल्यावर आला त्यांच्यासाठी तो मजकूर खरंच उपयोगी पडला. त्यांचं मी काही लागत नाही, आणि हे लिहिताना मला अजिबात अपराधी वाटत नाही.

आता तो कॉलम. प्लॅनच्या शीटमध्ये एका कॉलमचं नाव होतं 'ऐच्छिक भेटी' आणि त्यात एकूण रकमेचा एक छोटा टक्का टाकलेला होता. दान, नातेवाईक, मित्र, जुने उपकार, सगळं त्या एकाच डब्यात. मी विचारलं की यातल्या एका बाईंनी मी बेकार असताना माझं घरभाडं भरलंय, ते पण ऐच्छिक का? तर उत्तर आलं की कायदेशीर देणं नसेल तर ऐच्छिकच, भावनेच्या भरात काही करू नका. मग पुढची स्लाइड. अडीच स्टार त्यासाठी. त्या माणसाचं हिशोबाचं ज्ञान पक्कं आहे, पण प्रश्न ऐकून घ्यायला त्याच्याकडे दोन मिनिटं नव्हती.

वकील मॅडमनी मात्र पूर्ण पाऊण तास याच प्रश्नावर घालवला. हा पाऊण तास या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे.

त्यांनी आधी दोन जुने अमेरिकन खटले सांगितले. पहिला 1825 चा, मॅसॅच्युसेट्सचा, मिल्स विरुद्ध वायमन. पंचवीस वर्षांचा एक मुलगा समुद्रप्रवासाहून परतताना वाटेत आजारी पडला, मिल्स नावाच्या परक्या माणसाने त्याला ठेवून घेतलं, शुश्रूषा केली, खर्च केला. मुलाच्या वडिलांनी कळल्यावर पत्र लिहिलं की खर्च मी देतो, आणि नंतर हात वर केले. कोर्टाने सांगितलं नैतिक जबाबदारी असेल, पण कायद्याने वसूल करता येणार नाही. दुसरा अलाबामाचा, वेब विरुद्ध मॅकगोविन. 1925 मध्ये लाकडाच्या गिरणीत वेब वरच्या मजल्यावरून साधारण 75 पौंडांचा ओंडका खाली टाकत होता, टाकता टाकता दिसलं की खाली मॅकगोविन उभा आहे, तर ओंडक्याची दिशा वळवायला याने तो सोडलाच नाही, त्याच्याबरोबर स्वतः खाली पडला आणि जन्मभराचा अपंग झाला. मॅकगोविनने कबूल केलं की दर दोन आठवड्यांना 15 डॉलर देईन, वेब जिवंत असेपर्यंत. आणि दिले, स्वतः 1934 मध्ये मरेपर्यंत, आठ वर्षांहून जास्त. मग त्याच्या मागे मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी थांबवले. 1935 मध्ये कोर्ट म्हणालं, असं वचन बंधनकारक आहे.

मी विचारलं फरक काय झाला. त्या म्हणाल्या, दुसऱ्या खटल्यात फायदा ज्याने वचन दिलं त्यालाच झाला होता, त्याचा जीव वाचला होता. पहिल्यात मोठ्या झालेल्या मुलाला झाला, बापाला नाही. मग त्यांनी भारतीय करार कायदा 1872 चं कलम 25 काढलं. सहसा मोबदल्याशिवायचा करार चालत नाही, पण ज्याने आधीच आपल्यासाठी स्वेच्छेने काही केलंय त्याला भरपाई देण्याचं वचन दिलं तर ते चालतं, हा त्यात अपवाद आहे. कायद्यातच उदाहरण आहे, अ ला ब चं पाकीट सापडतं, तो ते ब ला नेऊन देतो, ब म्हणतो तुला 50 रुपये देईन, हा करार झाला. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं, कारण इतक्या जुन्या कायद्यातसुद्धा आधी झालेल्या चांगुलपणाला जागा ठेवलेली आहे. पण नीट बघा, वचन दिलं तरच. पाकीट परत मिळालं एवढ्यावर काही लागू होत नाही.

वचनाच्या बाबतीत त्यांनी अजून दोन गोष्टी सांगितल्या. 1984 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका पोलिसाने ओळखीच्या वेट्रेसला टिप म्हणून लॉटरीच्या तिकिटात अर्धा वाटा देऊ केला, तिकिटाला 60 लाख डॉलर लागले आणि त्याने खरोखर अर्धा दिला. आणि 1999 मध्ये अलाबामात एका वेट्रेसला गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटावर एक कोटी डॉलर लागले, तेव्हा सहकाऱ्यांनी दावा केला की जिंकलो तर वाटून घ्यायचं असं आपलं ठरलं होतं. ज्युरीने सहकाऱ्यांचं ऐकलं, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, कारण जुगारावर आधारलेला करार तिथल्या कायद्यात धरला जात नाही. मॅडमचा मुद्दा एवढाच की तोंडी 'तुला नक्की देईन' हे हवेत बोलू नका, समोरचा त्यावर आपले बेत आखतो. द्यायचं असेल तर आधी ठरवा, मग लिहून द्या नाहीतर थेट द्या, आणि घेणाऱ्याला टॅक्स बसतो का ते बघा, कारण तो नियम जिथे राहता तिथला असतो. हे प्लॅनरने सांगायला हवं होतं.

माझ्या डोक्यात दोन माणसं होती. एक जुना सहकारी, ज्याने मी कंपनी सोडताना सांगितलं होतं की शेअर्सचा फॉर्म भरल्याशिवाय जाऊ नकोस, मी कंटाळा करत होते, तो शेजारी बसून भरून घेऊन गेला. त्याची दहा मिनिटं गेली असतील, पण त्याच्याशिवाय आज हे पैसेच नसते. आणि दुसऱ्या माझ्या रूममेटच्या मोठ्या बहीण, ताई. नोकरी गेली तेव्हा आठ महिने माझ्या वाट्याचं भाडं त्यांनी भरलं, स्वतःचा पगार बेताचा असताना, आणि परत कधी विषय काढला नाही. त्यांचा या शेअर्सशी काहीही संबंध नाही.

आता सांगा, जास्त कोणाचं देणं लागते? नशिबाचा वाटा म्हणून बघितलं तर सहकाऱ्याचं. पण मला झोप येत नव्हती ती ताईंमुळे. बरेच दिवस मला हे कळत नव्हतं आणि मॅडमशी बोलताना एकदम कळलं. ताईंचं भाडं मी पैसे यायच्या आधीपण देणं लागत होते! मधली कितीतरी वर्षं मला पगार होता, मी फिरायला गेले, फोन बदलले, आणि दरवेळी मनाला सांगितलं की सध्या जमत नाही, एकदा मोठी रक्कम आली की एकदम चांगलं काहीतरी करू त्यांच्यासाठी. शेअर्सच्या पैशांनी माझ्यावर नवीन कर्तव्य टाकलं नाही, माझी सबब तेवढी काढून घेतली.

आपल्याकडे भाषणात म्हणतात ना, 'तुमच्या उपकारातून उतराई होता येणार नाही, मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल'. मी ताईंना एकदा अगदी हेच म्हटलं होतं, त्यांच्या वाढदिवसाला, आणि तेव्हा ते मनापासून होतं. पण ज्याच्याकडे खरंच काही नाही त्याच्या तोंडी ते शोभतं. खात्यात पैसे असताना तेच वाक्य बोललं की ते टाळणं होतं. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन 'माझं नशीब उघडलं, आता दहा टक्के तुमचे' असं म्हणणं पण मला चुकीचं वाटतं, कारण मग त्यांनी जे केलं ती माझ्यावर लावलेली गुंतवणूक ठरते, आणि त्यांनी तर मी पुढे काही होईन की नाही हे न बघता केलं होतं. आणि माझे शेअर्स मातीमोल झाले असते तर त्यांची माया काय कमी किमतीची ठरली असती? उपकाराचं मोल तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं त्यावर ठरतं, माझ्या आजच्या बॅलन्सवर नाही. हे माझं मत आहे, वकील मॅडमचं नाही, त्यांनी फक्त ऐकून घेतलं.

सहकाऱ्याला मी फूल ना फुलाची पाकळी म्हणून एक रक्कम दिली. त्याला आनंद झाला, मला पण, विषय संपला. तिथे देणं नव्हतं, खुशी वाटून घेणं होतं, त्यामुळे त्याच्यापुरता 'ऐच्छिक' हा शब्द मला पटतो.

ताईंकडे जाताना मी आठ महिन्यांच्या भाड्याच्या तिप्पट रकमेचा चेक नेला. त्यांनी बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, किती महिने धरलेस? म्हटलं आठ. तर म्हणाल्या, "आठ नाही गं, सात. जूनचं माझ्याकडे नव्हतं, ते हिने भरलं होतं." हिने म्हणजे माझ्या रूममेटने, आणि मला हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मग म्हणाल्या सात महिन्यांचे लिही, ते घेते, ते माझेच आहेत. "आणि हे वरचे कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही. मी चेक फाडून नवीन लिहिला. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायला लागल्या.

एवढी वर्षं मला वाटायचं की त्यांनी मोजलंच नाही. मोजलं होतं, महिन्यासकट लक्षात होतं, फक्त मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे विसरलं असं मी सोयीने धरलं होतं.

तर ज्यांना ही सेवा किंवा अशी कुठलीही घ्यायचीय त्यांनी घ्या, वकिलांच्या कॉलसाठी नक्की घ्या, आणि प्लॅनरच्या सहा महिने थांबण्याच्या सल्ल्यातून जुनी उसनवारी वगळा, त्याला थांबायचं काही कारण नाही. कॉलच्या आधी स्वतः बसून यादी करा की कोणी काय केलं आणि त्यातलं परत करण्यासारखं काय आहे, ही यादी तुमच्यासाठी दुसरं कोणी करू शकत नाही, आणि त्यात तुमच्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका, संबंधित माणसांना विचारा. फॉलो-अपमध्ये मी त्यांना तो कॉलम दोन भागांत करायला सांगणार आहे, 'परत करायचं' आणि 'द्यावंसं वाटतं', ऐकलं तर रेटिंग वाढवेन.

रूममेट आता दुसऱ्या देशात असते. जूनच्या भाड्याबद्दल तिला काल रात्री मेसेज केलाय, अजून तिने बघितलेला नाही.