रान, घर आणि आपलेपण : चार पुस्तकांतून एक निवडताना

आठ ते तेरा या वयातल्या मुलासाठी जंगल, कुटुंब आणि आपलेपण या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली कादंबरी निवडायची म्हटली, की बहुतेक पालक आणि शिक्षक आधी मुखपृष्ठावरचा प्राणी पाहतात आणि मग मागे छापलेला वयोगट. या दोन्ही खुणा फारशा उपयोगाच्या नाहीत, असे माझे मत आहे. अशा प्रत्येक पुस्तकात कोणीतरी पोरके किंवा परके असते आणि कोणीतरी त्याला आपले म्हणते. मात्र त्या आपलेपणाची किंमत कोण मोजते, हे पुस्तकागणिक बदलते, आणि मुलाच्या मनात दीर्घकाळ घर करून राहते ते हेच. म्हणून येथे चार पुस्तके या एकाच प्रश्नाच्या आधारे शेजारी शेजारी ठेवली आहेत : रुडयार्ड किपलिंग यांच्या मोगलीच्या कथा (१८९४ आणि १८९५), मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ (१९३८), जी मराठी वाचकांना राम पटवर्धन यांनी केलेल्या ‘पाडस’ या अनुवादामुळे परिचित आहे, ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची लुटारूच्या मुलीची, म्हणजे रोन्याची, कादंबरी (१९८१) आणि पीटर ब्राउन यांची ‘द वाइल्ड रोबॉट’ (२०१६). निवड मोठ्यांनी करायची असल्यामुळे पुढे शेवटांविषयीही उघडपणे लिहिले आहे.

मोगली आणि रोबॉट रोझ यांची तुलना आधी करणे सोयीचे आहे, कारण दोन्हीकडे एका जातीचे पिल्लू दुसऱ्याच जातीच्या आईकडे वाढते. मोगलीला लांडग्यांच्या कळपात घेण्यास विरोध होतो, तेव्हा कायद्याप्रमाणे आईबापांखेरीज आणखी दोघांनी त्याच्यासाठी शब्द टाकावा लागतो. बालू शब्द टाकतो आणि बघीरा नुकताच मारलेला एक बैल मोबदला म्हणून देऊ करतो. मोगलीचे आपलेपण असे अक्षरशः विकत घेतलेले आहे, आणि कळपातल्या तरुण लांडग्यांचे मन फिरताच ते मोडीतही निघते. किपलिंग यांचे जंगल कायद्याने चालते. तेथे प्रेम आहे, पण प्रेमाला कायद्याची चौकट लागते. याउलट रोझला कोणीच काही देत नाही. बुडालेल्या जहाजातून एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडलेला हा रोबॉट कड्यावरून उतरताना दगड घसरतात, त्याखाली हंसांचे एक जोडपे आणि त्यांचे घरटे चिरडले जाते आणि एकच अंडे वाचते. त्या अंड्यातून निघालेले पिल्लू तिलाच आई म्हणते.

ही केवळ लेखकाची कल्पना नाही. अंड्यातून बाहेर पडलेले हंसाचे पिल्लू सुरुवातीच्या काही तासांत समोर जे हलताना दिसेल त्यालाच आई मानून त्याच्यामागे चालू लागते, हे कोनराड लोरेंझ यांनी सविस्तर अभ्यासले होते, आणि प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत तेही होते. ब्राउन यांनी या निसर्गनियमावर एक नैतिक ओझे ठेवले आहे : जिच्यामुळे पिल्लू पोरके झाले, तीच त्याची आई होते, आणि पिल्लू आपल्या पहिल्या घराविषयी विचारते तेव्हा ती काही लपवत नाही. ज्या घरात मूल दत्तक आलेले आहे, किंवा आईवडिलांपैकी एकजण नंतर आलेला आहे, त्या घरासाठी हा प्रसंग फार मोलाचा आहे, कारण आई होणे म्हणजे रोज काहीतरी करणे, हे तो उपदेशाचा एक शब्दही न वापरता सांगतो. रोझ आई व्हायला शिकते ती निवारा बांधून, इतरांना प्रश्न विचारून आणि चुका करून.

मोगलीच्या बाबतीत अशा घराने थोडे थांबून विचार करावा. ‘दुसऱ्या जंगल बुका’तील अखेरच्या मोगलीकथेत वसंत ऋतू येतो, सारे प्राणी आपापल्या जोडीदाराच्या मागे लागतात आणि मोगलीला न समजणारी एक बेचैनी माणसांकडे ओढून नेते. माणूस अखेर माणसाकडेच जातो, असा तो शेवट आहे. कथा म्हणून तो अस्सल आहे, पण रक्ताची ओढच शेवटी जिंकते असा त्याचा अर्थ एखादे मूल स्वतःला लावून घेईल, ही शक्यता दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

तरीही मोगलीच्या कथांत अशा काही जागा आहेत, ज्यांची बरोबरी उरलेल्या तिन्ही पुस्तकांत सापडत नाही. बघीरा मोगलीला आपल्या जबड्याखाली हात लावायला सांगतो. तेथे रेशमी केसांत दडलेला एक छोटासा केस गेलेला डाग आहे, तो पट्ट्याचा. हा काळा बिबट्या उदेपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मला होता आणि माणसांच्या चालीरीती शिकल्यामुळेच जंगलात इतका भयंकर ठरला. आणि कळप सोडताना मोगलीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते, तेव्हा ते काय आहे हे त्याला कळत नाही. आपण मरतो आहोत का, असे तो बघीराला विचारतो. दोन जगांच्या सीमेवर उभे असणे म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला या दोन प्रसंगांइतके स्पष्ट दुसरे कशातून कळेल, असे मला वाटत नाही.

निवड करणाऱ्याने मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिल्या ‘जंगल बुका’तील सात कथांपैकी मोगलीच्या फक्त तीन आहेत, त्यामुळे संपूर्ण मोगली वाचायचा तर दुसऱ्या भागातील पाच कथाही घ्याव्या लागतात, आणि चित्रपट पाहून पुस्तकाकडे येणाऱ्या मुलाला येथे ‘का’ नावाचा अजगर मोगलीचा मित्र आहे, हे आधीच सांगितलेले बरे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. किपलिंग यांच्या कथांतले गावकरी भोळसट आणि क्रूर आहेत, मोगलीला आपला मुलगा मानणाऱ्या मेसुआला जिवाच्या भीतीने पळावे लागते तेव्हा तिला आसरा मिळण्याची आशा इंग्रज असलेल्या गावीच आहे, आणि मोगली त्या गावावर जंगल सोडून ते उद्ध्वस्त करतो ती कथा सूडाची आहे. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या आणि या कथा अमेरिकेत व्हर्माँट येथे राहून लिहिणाऱ्या लेखकाची साम्राज्यवादी दृष्टी तीत स्पष्ट दिसते. मी ती कथा वगळणार नाही, पण मुलाला एकट्याने वाचायलाही देणार नाही.

‘द वाइल्ड रोबॉट’ या मानाने सोपे आहे : प्रकरणे अगदी छोटी, लेखकाने स्वतः काढलेली चित्रे, आणि आठ वर्षांचे मूलही स्वतः वाचून पुरे करील अशी भाषा. त्याची मर्यादाही यातच आहे. हिवाळ्यात रोझ आपल्या उबदार निवाऱ्यात शिकारी आणि शिकार दोघांनाही जागा देते आणि तेथे कोणी कोणाला खायचे नाही असे ठरते; हा तह सुंदर असला तरी तो निसर्गाचा नाही. बर्फ वितळल्यावर बाहेर गोठून मेलेले प्राणी दिसतात, एवढ्यावर लेखकाने समतोल राखला आहे. खऱ्या जंगलाची ओळख हवी असेल, तर येथे ती अर्धीच मिळते.

रोन्या आणि ‘पाडस’मधला जोडी नावाचा मुलगा हे दोघे माणसांच्या घरातले. त्यांना जंगलाने वाढवलेले नाही. त्यांचे घर जंगलाला लागून आहे, एवढेच. रोन्या लुटारूंच्या सरदाराची एकुलती एक मुलगी. ती पहिल्यांदा एकटी रानात निघते तेव्हा बाप तिला कशाकशापासून जपायचे याची यादी देतो, आणि नदीत पडू नये म्हणून जपायचे तर ती काठावरच्या निसरड्या दगडांवरच उड्या मारत बसते, कारण धोका जेथे आहे तेथेच सावध राहणे शिकता येते असा तिचा हिशोब आहे. मुलांच्या धाडसाविषयी इतके अचूक निरीक्षण मी क्वचितच वाचले आहे. पुढे बाप वैरी टोळीच्या मुलाला, बिर्कला, ओलीस धरतो, तेव्हा रोन्या वीज पडून दुभंगलेल्या किल्ल्याची दरी ओलांडून स्वतःहून वैऱ्यांच्या बाजूला जाते, आणि बाप म्हणू लागतो की आपल्याला मूलच नाही. मग ती दोघे उन्हाळाभर गुहेत राहतात. अस्वलाने शिंगरू मारल्यामुळे जखमी झालेली एक रानटी घोडी त्यांना भेटते. ती तिच्या जखमेवर शेवाळ बांधतात आणि तिच्या दुधावर स्वतः तगतात. येथे किंमत मुलगी मोजत नाही, अखेर ती बाप मोजतो : तोच रानात येतो आणि आपला गर्व गिळून तिला परत बोलावतो. ज्या मुलाच्या घरात मोठ्यांची भांडणे चालू आहेत, किंवा जे मूल एका बाजूची निवड करण्याच्या दडपणाखाली आहे, त्याला मी चारांतून हेच पुस्तक देईन. मात्र रोन्याच्या रानात बुटके आणि राक्षसी पक्षीही आहेत, त्यामुळे केवळ वास्तव आवडणाऱ्या मुलाला ते कदाचित रुचणार नाही.

‘पाडस’विषयी मला अधिक लिहावे लागेल, कारण त्याच्याबाबत निवड बहुधा चुकते. ‘पाडस’ हा शब्दच इतका लाघवी आहे, की हातात हरणाचे पिल्लू घेतलेल्या मुलाची ही कोवळी गोष्ट असेल, असे समजून ती नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिली जाते. मूळ शीर्षकाचा अर्थ आहे वर्षभराचे जनावर, म्हणजे जे आता पिल्लू राहिलेले नाही आणि अजून पूर्ण वाढलेलेही नाही. आणि ते हरणाइतकेच जोडीलाही लागू आहे, हे त्याचा बाप पेनीच एका जागी बोलून दाखवतो. गोष्ट १८७० च्या दशकातील फ्लोरिडाच्या खुरट्या रानातली आहे. पेनीला विषारी साप चावतो, तो एका हरणीला गोळी घालतो आणि तिचे काळीज जखमेवर दाबून विष ओढून घेऊ पाहतो. (हा जुना समज आहे, सापाच्या विषावरचा उपाय नव्हे, हे मुलाला तेथल्या तेथे सांगावे.) त्या हरणीचे पाडस जोडी घरी आणतो. म्हणजे रोझच्या कथेप्रमाणे येथेही पिल्लू पोरके केले ते त्याला वाढवणाऱ्या घरानेच. फरक पुढे पडतो. पाडस मोठे होते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. बाप अंथरुणाला खिळलेला असताना जोडी एकट्याने कुंपण उंच करतो, पुन्हा पेरतो, आणि हरीण ते कुंपण सहज ओलांडते. दोष हरणाचा नाही, बापाचा नाही, मुलाचाही नाही. मका गेला तर घर उपाशी राहील, एवढेच. शेवटी आईने झाडलेल्या गोळीने ते जखमी होते आणि जोडीला स्वतः त्याचा शेवट करावा लागतो.

मी हे पुस्तक लहानपणी वाचले तेव्हा मला जोडीची आई, ओरा, कठोर वाटली होती. पुढे वाचताना लक्षात आले, की जोडीच्या आधी तिने आपली अनेक मुले पुरली आहेत, आणि प्रेम उघडे टाकण्याची ताकदच तिच्यात उरलेली नाही. मुलाला ओरा वाईट वाटली तर लगेच दुरुस्त करू नये, पण तिच्याविषयी विचारावे. या कादंबरीला १९३९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले ते मोठ्यांच्या साहित्यातले पुस्तक म्हणून, आणि वाचनाची गतीही तशीच आहे : शिकारीची, पुराची, ऋतूंची लांबलचक वर्णने. ज्या मुलाचे पाळलेले जनावर नुकतेच गेले आहे, त्याला ते त्या वर्षी देऊ नये. बारा वर्षांच्या आतील मुलाला देऊ नये, असेच मी म्हणेन, मग त्याचे वाचन कितीही पुढचे असो.

आणि दिलेच, तर कुंपणाच्या प्रसंगापासून पुढची पाने मुलाबरोबर बसून वाचावीत, रोज थोडी थोडी, दिवसाच्या उजेडात; झोपण्यापूर्वी नाही. पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवस दुसरे कोणतेही पुस्तक पुढे करू नये.