इंगाच्या ओळींतला मका: होंडुरासमधल्या ‘लँड फॉर लाइफ’ कार्यक्रमाचं परीक्षण

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या उत्तर भागातल्या डोंगराळ पट्ट्यात इंगा फाउंडेशन हा कार्यक्रम चालवतं. जंगल तोडून, जाळून मका-घेवडा घेणाऱ्या कुटुंबांना त्यातून इंगा या शेंगावर्गीय झाडाची रोपं, रोपवाटिकेसाठी मदत आणि शेतावर येऊन मार्गदर्शन मिळतं. इंगाच्या ओळींमध्ये पीक घेण्याची ही पद्धत माइक हँड्स या पर्यावरण-शास्त्रज्ञाने आधी कोस्टारिकात आणि मग होंडुरासमध्ये प्रयोग करून बसवली. झाड उत्तमच आहे. तरी या सेवेचं मोल सगळ्यात जास्त कशात असेल, तर पहिली दोन वर्षं शेतकऱ्याच्या पाठीशी माहितगार माणूस उभा असण्यात.

जाळलेल्या जमिनीत पहिलं पीक जोमात येतं, कारण राखेत अन्नद्रव्यं मोकळी झालेली असतात. मुसळधार पावसात ती वाहून जातात. उरलेला स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला घट्ट धरून बसतो आणि मुळांना मिळेनासा होतो. दोन-तीन हंगामांत तण माजतं, मका खुरटतो आणि कुऱ्हाड पुढच्या तुकड्याकडे वळते. हँड्स यांचा भर म्हणूनच नत्रापेक्षा (नायट्रोजनपेक्षा) स्फुरदावर आहे. लागवडीच्या वेळी रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) देण्यामागचं कारणही हेच. आम्ल मातीत तो हळूहळू विरघळतो आणि मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने झाड तो उचलतं. नत्राची सोय मुळांवरच्या गाठी करतात.

मांडणी सोपी आहे. दोन ओळींत साधारण 4 मीटर आणि ओळीत दोन झाडांमध्ये अर्धा मीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे 5,000 रोपं. उतारावर ओळी समपातळीतच हव्यात. उभ्या उतारावर वरून खाली ओळी घातल्या, तर माती अडवण्याचा निम्मा फायदा गेला. दीड-दोन वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात आणि सावलीने तण मरतं. मग झाडं छातीइतक्या उंचीवर छाटायची, जाड फांद्या जळणासाठी बाजूला काढायच्या आणि पाला जागेवरच पसरायचा. या जाड आच्छादनातून काठीने भोक पाडून मका टोकायचा. नांगर नको, आग नको. पीक निघालं की झाडं पुन्हा फुटतात आणि पुढच्या वर्षी परत छाटणी. घरचं धान्य सुटलं की काही ओळींत काळी मिरी घ्यावी. रोख पैसा तिथून येतो.

इंगाचं पान जाड, चिवट असतं आणि सावकाश कुजतं. सुबाभूळ किंवा गिरिपुष्प या झाडांचा पाला भराभर कुजतो, आच्छादन विरतं आणि तण परत डोकं काढतं. शिवाय सुबाभूळ आम्ल मातीत नीट वाढतही नाही. झाडांच्या ओळींमध्ये पीक घ्यायची कल्पना 1970 च्या दशकात नायजेरियात इबादानच्या संशोधन संस्थेत पुढे आली. पुढे ती अनेक ठिकाणी फसली, त्याचं एक मोठं कारण चुकीचं झाड हे होतं.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी बियाण्यात. इंगाचं बी वाळलं की मेलं. कधी कधी ते शेंगेतच कोंब धरतं. म्हणून शेंगा उतरवल्या की पांढरा गर काढून लगेच पेरावं लागतं. साठवणूक जमत नाही, त्यामुळे रोपवाटिका गावातच हवी. दुसरी अडचण छाटणीची. बुंध्याशी कापलं किंवा झाड पार बोडकं केलं, तर फूट कमजोर येते. एखादी पानांची फांदी राखावी. छाटणीला उशीर झाला तर मक्यावर सावली पडते. शिवाय 5,000 झाडं हाताने छाटणं हे कष्टाचं काम आहे. घरात दोनच हात असतील, तर पाव हेक्टरपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. कोवळी रोपं गुरांपासूनही जपावी लागतात.

आमचा मोठा आक्षेप वेगळा आहे. पहिली दीड-दोन वर्षं त्या तुकड्यातून पोटापुरता मका निघत नाही. कुटुंबाकडे दुसरा तुकडा नसेल, तर ते पुन्हा काडी ओढणारच. जमिनीचा कागद हातात नसलेला माणूस दोन वर्षं थांबून झाडं वाढवेल, ही अपेक्षाही जास्तच आहे. रोपांइतकाच या काळातल्या धान्याचा विचार प्रत्येक कुटुंबाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवा.

आणखी एक मर्यादा. जाळून होणाऱ्या शेतीला पर्याय शोधण्यासाठी 1994 मध्ये ‘एएसबी’ (अल्टरनेटिव्हज टू स्लॅश अँड बर्न) ही अनेक संस्थांची भागीदारी सुरू झाली. नैरोबीच्या कृषिवनीकरण केंद्रातून तिचं काम चाललं आणि ब्राझील, पेरू, कॅमेरून, इंडोनेशिया अशा देशांत अभ्यास झाले. शेताचं उत्पन्न वाढलं म्हणून जंगलतोड आपोआप थांबत नाही, असं त्यातून दिसलं. नफा वाढला की आणखी जमीन मोकळी करण्याचा मोहही वाढू शकतो. तेव्हा इंगाच्या ओळींकडे जंगलरक्षणाची हमी म्हणून पाहू नये. एकाच जागी वर्षानुवर्षं धान्य आणि जळण देणारी पद्धत म्हणून ती आम्हाला पटते, तीही दमट हवेच्या, आम्ल मातीच्या डोंगरउतारांवर. लांब कोरडा हंगाम असलेल्या भागात इंगा तग धरत नाही, तिथे हा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नये.