फ्लेक्सच्या फायली तपासायला पीएचपीचं हॅश_फाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

वापर कुठे, ते आधी. बेळगावातल्या फ्लेक्स छपाईच्या दुकानाचं अपलोड पान. खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे डिझायनर मराठी-कन्नड फलकांच्या टिफ आणि पीडीएफ फायली त्यावर टाकतात; गणपतीच्या आधी तर रांगच लागते. फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी पोचली का, एवढंच तपासायचं. सर्व्हरवरची भाषा पीएचपी ८.३, तिचं फंक्शन हॅश_फाइल (फाइलच्या मजकुरावरून तिचा छोटा ठसा, म्हणजे हॅश किंवा चेकसम, काढणारं), अल्गोरिदम एसएचए-२५६.

फंक्शनबद्दल तक्रार नाही. ते फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचतं, त्यामुळे ६०० एमबीची टिफसुद्धा मेमरी न खाता निघते. फाइल_गेट_कंटेंट्सने अख्खी फाइल उचलून हॅशला देणारा कोड मात्र मेमरी_लिमिट १२८ एमबी असेल तर अशा फायलीवर कोसळतोच. तो कोड अजून लोक का चिकटवतात कोण जाणे.

त्रास होतो तो काढलेला हॅश मूळ हॅशशी ताडून पाहताना. फाइल सापडली नाही तर हॅश_फाइल इशारा देऊन फॉल्स परत करतं. डेटाबेसमधला मूळ हॅशचा रकाना रिकामा असेल आणि तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी केली असेल, तर फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग 'सारखीच' ठरतात. म्हणजे नसलेली फाइल पास! म्हणून तुलनेला पीएचपीचं हॅश_इक्वल्स हे फंक्शन वापरा. त्याला फॉल्स दिलं की ते टाइप एरर फेकतं आणि चूक लपत नाही. फाइल न सापडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मूव्ह_अपलोडेड_फाइलने फाइल कायमच्या जागी हलवल्यावर जुन्या तात्पुरत्या पत्त्यावर हॅश काढणं. हलवल्यानंतर नव्या पत्त्यावर काढा. डिस्कवर नक्की काय उतरलं तेही त्यात तपासलं जातं.

आता ज्याच्याशी जुळवायचं तो मूळ चेकसम आणायचा कुठून? ब्राउझरमधलं हॅश काढायचं साधन क्रिप्टो.सटल एचटीटीपीएसशिवाय मिळत नाही, आणि त्याला अख्खी फाइल एकदम मेमरीत लागते. साध्या मोबाइलवर मोठी टिफ दिली की टॅबच बंद पडतो. त्यामुळे मोठ्या फायलींसाठी डिझायनरने स्वतःच्या संगणकावर चेकसम काढून फॉर्ममध्ये टाकायचा, हीच पद्धत टिकली. विंडोजवर कमांड अशी: सर्टयुटिल -हॅशफाइल, पुढे फाइलचं नाव, शेवटी एसएचए२५६. शेवटचा शब्द विसरला तर एसएचए-१ निघतो: ६४ ऐवजी ४० अक्षरं. लांबी आधी तपासली तर 'फाइल खराब आहे' म्हणून उगाच फोनाफोनी होत नाही. पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश मोठ्या लिपीत अक्षरं देतं, पीएचपी छोट्या. तेव्हा ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढायला) आणि स्ट्रटोलोअर (अक्षरं छोटी करायला) दोन्ही लावायचेच.

अपलोडच्या मर्यादा वाढवायला विसरू नका. पीएचपीत मुळात अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ २ एमबी आणि पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबी असते. दुसरी ओलांडली की आलेल्या फायलींची माहिती ठेवणारा फाइल्सचा अ‍ॅरे रिकामाच येतो आणि हॅशपर्यंत गाडी पोचतच नाही. पीएचपीच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची १ एमबीची मर्यादा वेगळी.

एमडी५ हा जुना अल्गोरिदम चालेल का? वाटेत तुटलेली फाइल पकडायला चालतं. पण त्याची टक्कर (दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश) २००४ पासून माहीत आहे, त्यामुळे मुद्दाम केलेली फेरफार पकडायची असेल तर नको. एकच फाइल दोनदा आली का, एवढंच बघायचं असेल तर पीएचपी ८.१ पासून मिळणारं एक्सएक्सएच३ खूप वेगवान आहे. आणि डिझायनरने काहीही न बदलता पीडीएफ पुन्हा एक्सपोर्ट केली तरी आतली तारीख बदलते, चेकसम बदलतो. अशा वेळी अपलोडला दोष देण्याआधी नवा चेकसम मागवा.