जुन्या इमारतीचं ‘लोडिंग’ सांगून बाबांकडून १८,५०० रुपये उकळले

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची इमारत १९८६ची. पावसाळ्याआधी एक विमा एजंट सोसायटीत फिरत होता. बाबांना म्हणाला, “काका, तीस वर्षांवरच्या इमारतीला कंपन्या हात लावत नाहीत. माझी ओळख आहे, पण लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, भरावं लागेल.” फ्लॅटची बाजारातली किंमत ८० लाख धरून त्याने १८,५०० रुपये सांगितले, ते स्वतःच्याच यूपीआयवर घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पॉलिसीची पीडीएफ पाठवली.

तीस वर्षांनंतर इमारतीच्या मजबुतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, सक्तीचं असतं, त्यामुळे असं बोलणं कुणालाही पटतं. जुन्या इमारतीला कंपनी जादा प्रीमियम लावू शकते, नाकारूही शकते. पण बाजारभावाचा इथे संबंधच नाही. १ एप्रिल २०२१पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. तिच्यात इमारतीची रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. आमचे ४८० चौरस फूट, दर २,५०० धरला तर १२ लाख. घरातल्या सामानाला या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण त्यातच मिळतं.

मी पीडीएफ मोठी करून पाहिली. प्रीमियमचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होते. कंपनीच्या हेल्पलाइनला पॉलिसी नंबर दिला. पॉलिसी खरी निघाली, पण १२ लाखांची, आणि प्रीमियम जेमतेम अकराशे रुपये! बाकीचे पैसे त्याच्या खिशात.

त्याहून संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, त्याने बांधकामाचं वर्ष २०११ टाकलं होतं. उद्या आग लागली, नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने सोसायटीचे कागद मागितले, तर खोटी माहिती दिली म्हणून क्लेम अडकणार. सत्तरी ओलांडलेला माणूस या कागदाच्या भरवशावर निर्धास्त झोपत होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. कंपनीच्या तक्रार विभागालाही लिहिलंय. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, फोन १५५२५५. वर्ष दुरुस्त करणारं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं पत्र, लेखी मागितलंय, त्यासाठी जादा प्रीमियम पडला तरी भरू.

हा माणूस राम मारुती रोड आणि चरईतल्या जुन्या सोसायट्यांतही जाऊन आलाय. तुमच्या आईवडिलांनी त्याच्याकडून पॉलिसी घेतली असेल तर आजच कंपनीला फोन लावा आणि रक्कम, प्रीमियम, बांधकामाचं वर्ष तिन्ही विचारून घ्या.